आत्याबाईचे तीनशे सेकंद

उंदराला पेटीत ठेवताना त्याची पाठ दाराकडे हवी, तोंड नव्हे. एवढी एक गोष्ट अंगवळणी पडायला मला आठवडा लागला, आणि बाईंनी तो आठवडा एकदाही आवाज न चढवता काढला. त्यापूर्वी मी एका दवाखान्यात रक्त तपासायचे. तिथे आवाज चढवल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा मागत नसे. त्यामुळे बाईंबद्दलचा आदर पहिल्याच आठवड्यात जडला, तो आजतागायत उतरलेला नाही. पुढचं सगळं ऐकूनही तो उतरायचं कारण नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. बुटक्या, केस कानापर्यंत कापलेले, खिशात कायम दोन पेन्सिली. मी त्यांची तंत्रज्ञ. माझं मुख्य काम स्टॉपवॉच दाबायचं, म्हणून त्या मला नावानं हाक न मारता 'घड्याळ' म्हणायच्या. "घड्याळ, आलीस का?" "घड्याळ, चहा घेतलास का?" घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "बरोबर आहे. घरीही तू टोलेच देतेस."

पेटी दोन खणांची होती. एक खण पांढरा, त्यावर झगझगीत दिवा. दुसरा काळा, झाकण लावलं की आत मिट्ट काळोख. दोन्हींच्या मध्ये सरकतं दार, आणि तळाला बारीक सळ्या. उंदराला उजेडात ठेवायचं, दहा सेकंदांनी दार वर घ्यायचं. उंदराला काळोख जन्मापासून प्रिय, तो दहा-पंधरा सेकंदांत पलीकडे पळतोच. पळाला की दार बंद करायचं आणि सळ्यांमधून दोन सेकंद हलका झटका द्यायचा. तीस सेकंद झाले की झाकण उघडून त्याला बाहेर काढायचं. शिकवणी संपली. हा झटका सबंध आयुष्यात एकदाच.

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडात ठेवायचं, दार उघडायचं आणि घड्याळ लावायचं. ज्याला कालचं आठवतं तो काळोखात जात नाही. तीनशे सेकंद थांबला तर आपणच उचलून घ्यायचं आणि वहीत ३०० लिहायचं. मग आठवड्यानं, महिन्यानं आणि पुढे दर तीन महिन्यांनी हीच परीक्षा, उंदीर मरेपर्यंत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाईंना एवढंच शोधायचं होतं, की किती दिवस पितो? महिना? वर्ष? का जन्मभर?

अठ्ठेचाळीस उंदीर होते. विषम आकड्यांना झटका, सम आकड्यांना नुसतंच आत जाऊ द्यायचं. म्हणजे प्रत्येक उंदरामागे झटक्याच्या यंत्राचा खटका हलवायचा, विषमला वर, समला खाली. आणि इथेच मी चुकले.

दहा नंबर झाला, खटका खाली होता. तेवढ्यात कॉरिडॉरमधल्या फोनवर मला बोलावणं आलं. मुलगी शाळेच्या पायऱ्यांवरून पडली होती, पुढचा दात तुटला होता. मी चार मिनिटं बोलले, परत आले, अकरा नंबरला पेटीत ठेवलं. मादी, दोन महिन्यांची, पांढरीशुभ्र. अकरा सेकंदांत ती काळोखात गेली. मी दार लावलं, यंत्राचं बटण दाबलं, तीस सेकंद मोजले. बारा नंबरसाठी खटका खाली करायला हात नेला, तर खटका खालीच होता.

म्हणजे अकरा नंबरला झटका बसलाच नव्हता.

झटका बसला की उंदीर चीं करतो. त्याची नोंद करायला वहीत 'आवाज' नावाचा रकाना होता. तिनं आवाज केला नव्हता, म्हणून मी तिथे आडवी रेघ मारली होती आणि माझ्या डोक्यात काही पेटलंच नव्हतं, डोक्यात तुटका दात होता. झाकण उघडलं तेव्हा ती एका कोपऱ्यात बसली होती. अंगावरचे सगळे केस उभे. समोरच्या कोपऱ्याकडे बघत होती, आणि समोरच्या कोपऱ्यात काही नव्हतं. मी हात पुढे केला तशी ती स्वतःहून हातावर आली, बाहीवरून चढत थेट खांद्यावर, दिव्याच्या बाजूला.

बाईंना लगेच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या ती सरळ आत जाईल, तेव्हा सांगू. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तीनशे सेकंद बसून राहिली. मग मी मनाची समजूत घातली की खटका वरच असेल, आपणच नंतर खाली केला असेल आणि विसरलो असू. सोयीची शंका फार लवकर खात्री होते. माझीही झाली.

प्राण्यांच्या खोलीचं सगळं मामा बघायचे. ते कुणाचे मामा होते कोण जाणे, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दर सोमवारी उंदरांच्या शेपटीवरच्या शाईच्या रेघा पुन्हा गिरवणं, हे त्यांचं काम. त्यांनी पहिल्याच आठवड्यात अकरा नंबरचा पिंजरा उचलून दाराच्या काचेसमोर ठेवला.

"तिकडे का ठेवलात?" मी विचारलं.

"ताई, संध्याकाळी सातला दिवे आपोआप बंद होतात ना, मग ही गज कुरतडत बसते. नाक रक्तानं माखलेलं होतं सकाळी. इथे कॉरिडॉरमधला उजेड पडतो. इथे गप बसते."

नाव त्यांनीच ठेवलं. आत्याबाई. म्हणाले, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात. आता आमच्या आत्याबाईला मिशा आहेत, म्हणून काय काका म्हणायचं?"

बाकीचे उंदीर रीतसर विसरत गेले. तीन महिन्यांनी काही जण दबकत काळोखात शिरले, नऊ महिन्यांनी जवळजवळ सगळेच. वर्षभर टिकलेले दोघं होते, तेही नंतर गेले. आत्याबाईच्या रकान्यात मात्र ३००, ३००, ३००.

आणि ती बसायची कशी, ते बघण्यासारखं होतं. घाबरलेला उंदीर कोपऱ्यात गोळा होतो, लेंड्या टाकतो, थरथरतो. ही पांढऱ्या खणाच्या मधोमध बसायची, पुढचे दोन्ही पाय जुळवून, उघड्या दाराकडे तोंड करून. दारात आलेल्या विक्रेत्याला आत न घेता, त्याच्यावर दारही न आपटता, तो जाईपर्यंत नुसतं बघत राहणारी एखादी खमकी बाई असते ना, तशी. पाच मिनिटं झाली की मिशा पुसायची आणि माझ्या हाताकडे वळायची. मला तिचं कौतुक वाटायचं. खरं सांगते, माझ्या ओळखीच्या निम्म्या माणसांत तेवढा निग्रह नाही.

उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो. फार लाड केले तर तीन. तिचा शेवटचा सोबती पावणेतीन वर्षांचा होऊन गेला. आत्याबाई तीन वर्षांची झाली, साडेतीनची झाली, चारची झाली. पांढऱ्या उंदराचे डोळे लाल असतात, सतत उजेडात राहिले तर ते खराब होतात. तिचे डोळे काचेसारखे स्वच्छ होते.

माझा संशय मामांवर गेला. जुना उंदीर मेला की त्यांनी प्रेमापोटी गुपचूप दुसरा आणून ठेवला असणार, शेपटीवर रेघा काय, कुणीही मारील. पण कानाची खूण कुणाला बदलता येत नाही. कानाच्या कडेला पाडलेली ती खाच मीच पाडली होती, आणि पाडताना हात हलल्यामुळे खाचेच्या टोकाला एक बारीक चीर गेली होती. मी भिंगाखाली कान धरला. खाच होती. चीरही होती.

"काय शोधताय?" मामांनी विचारलं.

"काही नाही."

"मला वाटलं, डोळे बघताय. ही डोळे मिटत नाही, माहितीये का तुम्हाला?"

मी त्यांना उंदरांच्या पापण्यांविषयी दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. ते गेल्यावर मात्र मी स्टूल ओढून पिंजऱ्यासमोर बसले. वीस मिनिटं बसले. ती डोळे मिटत होती. आधी डावा मिटून उघडला. मग उजवा. दोन्ही एकदम, एकदाही नाही.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी लाईट गेली. प्राण्यांच्या खोलीला खिडकी नसते, आणि त्या दिवशी कॉरिडॉरमधलेही दिवे गेले. जनरेटर लागायला आठ सेकंद लागतात. मामा आत होते, मी दाराशी. एरवी लाईट गेली की उंदीर खूश होतात, खुडबुड वाढते. त्या आठ सेकंदांत साऱ्या खोलीत आवाज नव्हता. भुसासुद्धा हलला नाही.

दिवे आले तेव्हा आत्याबाई पिंजऱ्याच्या छताला चारही पायांनी लटकलेली होती, दिव्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकी. आणि मांडणीवरचे बाकीचे सगळे उंदीर, नव्या प्रयोगाचे साठ-सत्तर, आपापल्या पिंजऱ्यात तिच्यापासून लांबच्या भिंतीला चिकटून बसले होते. मामांनी दुसऱ्या दिवशी घरून बॅटरीचा दिवा आणला आणि तिच्या पिंजऱ्यापुढे टांगला. खर्चाचे पैसे वगैरे काही मागितले नाहीत. मीही विचारलं नाही.

आत्याबाई पाच वर्षांची झाली, त्या वर्षी बाईंच्या पोटात गाठ निघाली.

त्यांनी ते मला पेटी पुसताना सांगितलं, जसं कुणी सांगावं की उद्या सुतार येणार आहे. "सहा महिने म्हणतात. मी एकसष्टची, निवृत्तीला वर्ष आहे. निवृत्ती तर हुकणार. आत्याबाई हुकता कामा नये."

मी बाहीनं डोळे टिपले. त्या म्हणाल्या, "रडू नकोस, सळ्या गंजतील. ऐक. पाच वर्षं, घड्याळ. एकदाच आलेला अनुभव आणि पाच वर्षांची आठवण. असं कुणीही कधी पाहिलेलं नाही. हे लिहून होईपर्यंत मला राहायचंय. मग जे व्हायचं ते होवो."

पुढचे दोन महिने त्यांनी लिहिलं. उपचाराच्या दुसऱ्या दिवशीही यायच्या, हातावर सुईची निळी खूण, खिशात दोन पेन्सिली. जिना चढताना दोनदा थांबायच्या आणि थांबल्याचं कुणाला कळू नये म्हणून नोटीस बोर्ड वाचायच्या. त्या बोर्डावरची नोटीस दोन वर्षं बदललेली नव्हती.

एके दिवशी त्यांनी छापलेला कागद माझ्यापुढे ठेवला. वर त्यांचं नाव. खाली माझं.

"हे काय?"

"तुझं नाव. पाच वर्षं नोंद कुणी घेतली? यंत्रानं?"

आयुष्यात माझं नाव शिधापत्रिकेवर आणि लग्नपत्रिकेवर सोडून कुठे छापलं गेलं नव्हतं. मी तो कागद धरून उभी राहिले आणि मला कळलं की आता गिळता येणार नाही. ही बाई आयुष्याचे शेवटचे महिने माझ्या एका खटक्यावर उभे करत होती.

मी सगळं सांगितलं. फोन, दात, खटका. उभ्यानंच सांगितलं.

 बाई उठल्या, कपाटातून पहिली वही काढली, ते पान उघडलं आणि 'आवाज'च्या रकान्यावरून बोट फिरवत खाली आल्या. अकरा नंबरपाशी बोट थांबलं. आडवी रेघ.

"ही रेघ पाच वर्षं माझ्यासमोर आहे," त्या म्हणाल्या. "तू एक दिवस चुकलीस. मी पाच वर्षं नीट वाचलं नाही. बस खाली."

मी बसले. मग रडले. त्या दिवशी सळ्या गंजल्या असतील तर असोत.

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि कागदावरचा अकरा नंबर खोडला. माझ्यादेखत. नंतर तिच्यावरचा सगळा भाग, सात पानं. उरलं ते इतकंच, की उंदीर साधारण नऊ महिन्यांत विसरतो. हे आधी तिघा-चौघांनी लिहून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "बाई, कुणाला कळणार नाही." त्या म्हणाल्या, "मला कळलंय ना." त्यात राग नव्हता. माझं नाव त्यांनी खोडलं नाही.

मी अनेक विद्वान पाहिले. खोडणारी ही एकच.

कागद पाठवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता पेपरचा प्रश्न मिटला. दुसरा राहिला."

"कोणता?"

"झटका नव्हता. मग त्या तीस सेकंदांत तिला काय मिळालं?"

दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. बाईंनी पेटी टेबलाच्या मधोमध ओढली, यंत्राची वायर काढून माझ्या हातात दिली.

"तू ही रोज पुसतेस. कशी?"

"झाकण उघडून. स्पिरिटनं."

"म्हणजे उजेडात. झाकण लावल्यावर आत कुणाचा हात गेलेला नाही?"

"नाही. पण बाई, सम आकड्यांचे चोवीस उंदीर किती वेळा आत जाऊन बसले. त्यांना काही झालं नाही."

"ते झोपायला जायचे. ही बघणारी आहे." त्यांनी बाही कोपरापर्यंत वर केली. सुईची खूण पिवळी पडत आली होती. "मलाही दुसरं काही येत नाही. तीस सेकंद. मोज."

त्यांनी झाकण लावलं. पांढऱ्या खणातून, सरकत्या दारातून हात आत घातला. मी दार मनगटापर्यंत खाली आणलं आणि कडेच्या फटीवर काळं कापड दाबलं.

मी घड्याळ दाबलं.

पाच. सहा. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. झाडावर काहीतरी होतं.

अकराव्या सेकंदाला त्यांनी मान वळवली आणि पेटीकडे बघितलं. हाताकडे नाही. हाताच्या थोडं पुढे.

"बाई?"

"मोज."

त्यांच्या हातावरचे केस उभे राहिले होते. मनगटापासून कोपरापर्यंत, एकेक.

एकोणीस. वीस. ट्रॉलीचा आवाज थांबला होता.

शेजारच्या खोलीत पिंजऱ्याचे गज वाजू लागले. एकाच पिंजऱ्याचे.

तीस.

मी झाकण उघडलं. आत त्यांचा हात होता, पंजा उघडा, बोटं सैल. बाकी सळ्या. नेहमीच्या सळ्या, मी सकाळीच पुसलेल्या.

बाईंनी हात काढून घेतला, बाही खाली केली, बटण लावलं. मग उठून कॉरिडॉरमध्ये गेल्या आणि दिव्याखाली उभ्या राहिल्या. मी पाणी नेलं. काय होतं, असं विचारलं.

"सांगता येण्यासारखं असतं तर पेपर लिहिला असता," त्या म्हणाल्या आणि हसल्या. नेहमीसारखं हसल्या.

सहा महिने झाले. बाई होत्या. आठ झाले. डॉक्टरांनी तीनदा तपासणी करवून घेतली. गाठ तिथेच होती, वाढलेलीही नाही, आटलेलीही नाही. चौथ्यांदा त्यांनी बोलावलंच नाही.

निवृत्तीच्या निरोपसमारंभाला सभागृहात बाईंच्या कामाची चित्रं दाखवायची होती. दिवे मालवले गेले आणि मी पाहिलं तर पुढची खुर्ची रिकामी. बाई दारात होत्या. उंबऱ्याच्या बाहेरच, कॉरिडॉरच्या उजेडात, दोन्ही पाय जुळवून. चेहरा सभागृहाच्या काळोखाकडे. कुणीतरी आत बोलावलं, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. चित्रं संपली, दिवे लागले, तशा त्या शांतपणे आत येऊन बसल्या.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "किती वेळ?"

"मोजलं नाही."

"घड्याळ."

"पाच मिनिटं. वर थोडी."

"लिहून ठेव," त्या म्हणाल्या.

आत्याबाईचा नंबर प्रयोगातून वगळला गेला होता. नियमाप्रमाणे वगळलेला प्राणी संपवायचा असतो. बाईंनी तिला मांडीवर पिंजरा ठेवून घरी नेलं, आणि पेटीही नेली. मामांनी बॅटरीचा दिवा गाडीत ठेवला.

याला तेरा वर्षं झाली. मामा गेले, त्यांच्या घरच्यांना मी भेटून आले. माझी मुलगी आता स्वतः दातांची डॉक्टर आहे. मीही मागच्या वर्षी निवृत्त झाले. पण दर तीन महिन्यांनी, पहिल्या रविवारी सकाळी दहाला, मी बाईंच्या घरी नोंद घ्यायला जाते. नवरा म्हणतो, माहेरी तरी इतक्या नेमानं गेली नाहीस.

घर टापटीप आहे. भर सकाळीही सगळे दिवे चालू असतात. कपाटांची दारं काढलेली आहेत, पलंगाखाली दिव्यांची माळ आहे. दार असलेली एकच जागा उरली आहे, जिन्याखालची अडगळीची खोली. ती नोंदीसाठी ठेवली आहे.

परवाच्या रविवारी गेले. ओट्याच्या पायऱ्या चढून दम लागला म्हणून जरा टेकले. बाईंनी पाणी आणून दिलं, त्या एका दमात जिना वर-खाली करतात. मग कामाला लागलो. आधी आत्याबाई. तिला पेटीत ठेवलं, पाठ दाराकडे. ती वळली, मधोमध बसली, पाय जुळवले. एकोणीस वर्षांची उंदरीण. मी ३०० लिहिलं.

मग दुसरा रकाना. बाई जिन्याखाली खुर्ची घेऊन बसल्या. मी अडगळीच्या खोलीचं दार उघडलं, घड्याळ दाबलं. आतून थंड, बंद वास आला. आत रिकामे डबे आणि काळोख. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मी नेहमीप्रमाणे काट्याकडे बघत राहिले. तीनशे. दार लावलं, लिहिलं.

बाईंनी वही मागून घेतली. चष्मा न लावता पानं चाळली. मग माझ्याकडे बघून काळजीनं म्हणाल्या, "घड्याळ, मी एक विचार करत होते. तुझ्यानंतर नोंद कोण घेणार?"

मला हसू आलं. "बाई, मी तुमच्याहून सोळा वर्षांनी लहान आहे."

त्या हसल्या नाहीत. पेटी टेबलावरच होती. त्यांनी ती दोन बोटांनी माझ्या बाजूला सरकवली, काळा खण माझ्याकडे.

"पूर्वी तू ती झाकण उघडूनच पुसायचीस ना," त्या म्हणाल्या. आवाजात माया होती. पहिल्या आठवड्यात मला उंदीर कसा धरायचा ते शिकवताना होती, तेवढीच.

मी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. त्या वाट बघत राहिल्या. तेरा वर्षं त्यांच्यासमोर बसून मी फक्त काटा बघितला होता. आता घड्याळ बंद होतं आणि बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

डावी पापणी सावकाश मिटली आणि उघडली. मग उजवी.